अंड्याचा दोष

प्रिय मधुवंती,

चेंबूरला मानसीकडे नीट पोचले. लेकीकडे राहून गुडघे दाखवते असं सांगून निघाले खरी, पण ते तुला पटलं नव्हतं, हे मुलुंडच्या दारातच कळलं मला.

काल फोनवर स्वरदाची किरकिर ऐकू येत होती. वजन वाढत नाही म्हणालीस. कसं वाढेल गं? दहा महिन्यांची पोर, आणि अडीच महिने नुसती पेज नि अंगावरचं दूध. अंडं बंद, गहू बंद, डाळसुद्धा बंद. तू स्वतः दही-दूध सोडलंस. खाजवू नये म्हणून झोपेतही तिचे हात धरून ठेवतेस. तुझी काय दशा झालीय, आरशात बघितलंस का?

गालांवर इसब उठलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, अशा मुलांना पुढे दमा, सततची सर्दी, खाण्याची ॲलर्जी होऊ शकते. जपा, पण घाबरू नका. मी घाबरायचं तेवढंच ऐकलं. तू पहिल्यांदा चमचाभर अंडं भरवलंस आणि तिसऱ्या दिवशी ताप एकशे तीनवर गेला, गालभर पाणीदार फोड उठले. हॉस्पिटलच्या बाकावर सगळ्यांसमोर मीच म्हणाले, "सांगत होते, अंडं नको. ऐकलं नाहीस." तू रडलीही नाहीस. डोळ्याच्या कडेला फोड दिसला, डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावलं, तेव्हा फक्त माझ्याकडे पाहिलंस.

तिला विषाणूची बाधा झालीय, हे डॉक्टरांनी तुला समजावलं. पण तू धरून बसलीस, अंड्यानं तिची ताकद गेली म्हणून विषाणूला फावलं. मी ते खोडलं नाही. माझा ओजस औषधं आणायला गेला होता, तू आत स्वरदाजवळ होतीस. डॉक्टरांनी बाहेर येऊन मला विचारलं, "घरात कुणाच्या ओठावर फोड आला होता का? त्या फोडातला विषाणू इसबाच्या कातडीत झपाट्यानं पसरतो." मी म्हणाले, "नाही."

तोंडावर रुमाल धरून म्हणाले. रुमालाखाली खपली होती. त्याआधीच्या आठवड्यात तू अंधेरीला ऑफिसात असायचीस, आणि मी तिला मलम लावून गालांचे पापे घेत होते. ऊन लागलं की तो फोड मला लहानपणापासून येतो; इतकं काही होईल, ठाऊक नव्हतं. पण डॉक्टरांनी विचारल्यावर तर कळलं ना? तरी तुला दोष घेऊ दिला.

सोमवारी ओठ पुन्हा चुरचुरायला लागला, म्हणून पळाले. आज सकाळी डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्या फोडांशी अंड्याचा काही संबंध नव्हता, पोरीला असं अर्धपोटी ठेवू नका. तपासून एकेक पदार्थ पुन्हा सुरू करू. शनिवारी अकराची वेळ घेतलीय, तिला घेऊन जा. ओजसलाही सांगितलं. म्हणाला, "हे मधूला तू स्वतः सांग," आणि फोन ठेवला. तुझा आवाज ऐकला असता तर मी पुन्हा खोटं बोलले असते, म्हणून हे लिहिलं. फोड पुरता सुकेपर्यंत तू बोलावलंस तरी मी येणार नाही. त्यानंतर बोलवायचं की नाही, ते तू ठरव.

तरीही तुझीच,
आई