लांबीच्या फळ्या

प्रिय ब्रेंडन,

फोनवर बोलायला गेले तर तुझे बाबा शेजारच्याच खोलीत असतात, म्हणून लिहितेय. टाउन्सव्हिलचा उकाडा अजून सरलेला नाही. तुझी डचेस बरी आहे. नुकतीच तिने कात टाकली आणि पुन्हा खायला लागली. तिचे उंदीर अजूनही फ्रीजरमध्ये मटारांच्या खालीच असतात. तू त्यावरून किती कटकट करायचास.

बाबा तिच्यासाठी नवी पेटी करतायत. पहिली आठवते? तू शाळेत होतास आणि ती तुझ्या बोटाएवढं जाड अजगराचं पिल्लू. बाबांनी हौसेने कपाटाएवढी पेटी केली, आणि तिने खाणंच सोडलं. शेजारची, सापवाल्यांच्या क्लबातली नोएलीन येऊन बाबांना म्हणाली, एवढ्याशा जिवाला महाल कशाला दिलास रे डेस, भिऊन मरेल ती. मग जेवणाच्या डब्याला भोकं पाडून तिला त्यात ठेवलं. चारी बाजूंनी अंग टेकल्यावर ती जेवली. पुढे वर्षभर बाबा नोएलीनचं ते वाक्य आपलंच म्हणून सगळ्यांना ऐकवत होते.

आता उलटं झालंय. ती बाबांच्या उंचीहून लांब आहे, आणि जुन्या पेटीत तिला सरळ पसरता येत नाही. परवा बाबांनी तिची कात व्हरांड्यात अंथरून मोजायला घेतली. नोएलीन कुंपणापलीकडून म्हणाली, कात ताणली जाते हे क्लबात तूच ओरडून सांगायचास की. सापाचं माप घे, त्याच्या कपड्यांचं काय घेतोस? एरवी बाबांनी तिला सोडलं नसतं. या वेळी नुसतं हो म्हणाले. मग मला शेपटीकडे बसवलं आणि डचेसच्या पाठीवरून दोरी धरत गेले. मध्येच खुर्चीत बसावं लागलं त्यांना. डचेस माझ्या मांडीवरून त्यांच्याकडे गेली.

हॉस्पिटलचं तुला अर्धंच सांगितलं होतं. बाबांचं औषध थांबवलंय. आता त्याचा उपयोग नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. बाबांनी त्यांना एकच विचारलं, करवत चालवली तर चालेल ना?

बाजूच्या फळ्या झाल्या. पुढची काच आणलीय, चढायला फांदी तासून ठेवलीय, उबेच्या दिव्याला जाळी केलीय. लांबीच्या फळ्या तेवढ्या शेडमध्ये भिंतीला टेकून आहेत. दोरीचं माप हातात असून कापत नाहीत. विचारलं तर म्हणतात, लाकूड ओलं आहे. मी हात लावून पाहिला. कोरडं ठणठणीत आहे.

काल चहा पिताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, ब्रिस्बेनला त्याच्या खोलीत खिडकीखालची भिंत केवढी असेल गं? मी म्हटलं, त्यालाच विचार की. तर म्हणाले, तो कामात असतो, आणि नेतो असं कुठे म्हणालाय. डचेस अजून बरीच वर्षं जगेल, हे त्यांना ठाऊक आहे. तू तिला नेशील का, हे ठाऊक नाही, आणि ते विचारणार नाहीत. नेणार असशील तर भिंत मोज आणि तूच त्यांना फोन कर. मी लिहिलंय हे सांगू नकोस. भिंत आखूड निघाली तरी खरं माप सांग; त्यातून काय करायचं ते त्यांना सुचेल. सकाळी तासभर त्यांचे हात स्थिर असतात. तेव्हा कर.

तुझीच,
आई