पंपावरची पट्टी

बुधवार, ड्युटीवरून आल्यावर

आज आम्हा सगळ्या सिस्टरांले एकत्र बसवून मशीनच्या सुरक्षेचं ट्रेनिंग मोबाइलवर झालं. जवाहरनगरहून येणारी वैशाली सिस्टर, नोकरीले सहा महिनेही नाही झाले, तिनं काढलेला फोटो त्यात प्रश्न म्हणून घेतला. ट्रेनिंगच्या सरांनी तिचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या. बावीस वर्षांत माझ्यासाठी कोणी वाजवल्या?

फोटो आमच्याच वॉर्डातल्या सलाइनच्या पंपाचा. अलार्मचा आवाज येते त्या जाळीवर पांढरी चिकटपट्टी. ती पट्टी मीच लावली होती. पंप घडीघडी बोंबलायचा, पेशंट वैतागायचे, म्हणून.

नंतर चहा पिताना हळूच म्हणते, "ताई, कोणी लावली ते मी नाही सांगितलं बरं." म्हणजे वरून उपकार! आधी मले सांगायचं होतं ना, मी काढली नसती का?

नसती काढली. उलट तिलेच झापलं असतं.

रोज त्या पट्टीवरून माझाच हात फिरत होता, अन् दिसली तिले.

अन् सरांनी "या फोटोत चूक काय?" विचारलं, तेव्हा "पट्टी!" म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडणारी मीच होती.