तन्वीची उंचीपट्टी

२ फेब्रुवारी
आठ बुटकी बाकं, खेळण्यांचं एक कपाट, सहा उंचीपट्ट्या. सगळं सागवान, एकही खिळा नाही, सगळं या हातांचं. शिकवायला कोणी नव्हतं. देवासहून ग्वाल्हेरला आलो, महिनाभर खपलो, आणि आज नई सडकेवर सुधाताईंचं केंद्र उघडलं. आई किंवा वडील गेलेली मुलं इथे दुपारी येतात.

पट्टीची कल्पना माझी. वरची खाच गेलेल्या माणसाच्या उंचीची, खालची मुलाच्या. मुलाने बघावं, बाबांच्या खांद्याला लागायला किती उरलं. सात वर्षांच्या तन्वीची आई म्हणाली, ह्यांची उंची असेल साडेपाच फूट. 'असेल'वर मी पटाशी चालवत नाही. लग्नाच्या फोटोत तो ज्या दारात उभा आहे, ते दार जाऊन मोजलं. पाच फूट सात इंच. तन्वी तीन फूट आठ.

९ फेब्रुवारी
वडील गेल्यापासून तन्वी बोलत नव्हती, जेवत नव्हती. आता पट्टीला पाठ लावून गप्पा मारते, डबा संपवते. सुधाताई म्हणाल्या, महिपतराव, डॉक्टरची फी तुम्हालाच द्यायला हवी होती. बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी
तन्वीच्या वडिलांची खाच पाव इंच खाली. जुन्या जागी हात फिरवला. सपाट. सुधाताई म्हणाल्या, आधी चष्मा बदला.

१७ फेब्रुवारी
पाच फूट एक. बाकी पाच पट्ट्या जागच्या जागी. रोज तीनतीनदा मोजतो. दमलो. तन्वीला विचारलं. हसून म्हणाली, काका, बाबा झुक रहे हैं, मला उचलून घ्यायला.

२१ फेब्रुवारी
तीन फूट नऊ. एकच इंच उरला. सकाळी पट्टी उतरवली. तन्वीने तोंड मिटलं, डबा उघडलाच नाही. संध्याकाळी परत लावली. काय करणार—

२३ फेब्रुवारी
वडिलांची खाच पुन्हा पाच फूट सातवर. तन्वीची त्या खाचेच्याही वर, पट्टीच्या टोकाला— खांद्यावर बसवल्यासारखी. खाली तिच्या चपला. जोडून ठेवलेल्या. ती कुठेच नाही. तिची आई जिन्यात हाका मारतेय—

काल तिचे आजोबा, दिनकरराव, आले होते. हात जोडून म्हणाले, तो तिला न्यायला वाकतोय, पट्टीवर करवत चालवा, माझ्यासमोर तुकडे करा. मी म्हणालो, माझ्या हातची वस्तू मी तोडत नाही. त्यांनी बाकावर रोख ठेवले होते— फक्त करवत चालवायचे— चाळीस हजार—