पहिली तडतड

प्रिय टिटवे,

परवा तुझा फोन मी घाईघाईत ठेवला, म्हणून फुगून बसली असशील. बस. पण आता लिहायला घेतलंय तर सगळं ऐकून घे, मध्ये तोंड घालायची सोय नाही तुला. दुकान ठीक चाललंय असं मी फोनवर म्हणालो, ते खोटं होतं.

आपली कॉफी बिघडली आहे. कधी कच्ची राहते, कधी करपते. शेजारचे शिंपीकाका रोजच्यासारखे कप घेऊन बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी अर्धा कप हळूच कुंडीत ओतला. मी ते पाहिलं, मी पाहिल्याचं त्यांनी पाहिलं, आणि आम्ही दोघं हवापाण्याचं बोलत राहिलो. बाबांच्या हातची कॉफी प्यायलेला माणूस गं तो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आधी कॉफीच्या बियांना शिव्या घातल्या, मग त्या भाजायच्या भट्टीला. गिऱ्हाईक भांडत नाही, नुसतं यायचं थांबतं. असंच चाललं तर बाबांची भट्टी माझ्याच हातून विझणार.

मागच्या खोलीचं विचारत होतीस. तू रात्री पियानो वाजवायचीस तो तिथला आपला बार बंद झाला, तू शिकवायला दूर गेलीस, तेव्हापासून तिथं बियांची पोती ठेवतो. स्टेजवरसुद्धा पोती. तुझा पियानो तेवढा मोकळा ठेवलाय, वर चादर घालून. दुकान बंद केलं की घरी जायला पाय उचलत नाही. घरी आहे कोण? मग तिथल्या उंच स्टुलावर बसतो, समोर पोती. श्रोते म्हणून वाईट नाहीत, तुझ्या पुढच्या रांगेतल्या त्या घोरणाऱ्या वकिलापेक्षा बरेच. कधी चादर सारून एखादी पट्टी दाबतो. फार एकटं वाटतं गं, लपवण्यात काय अर्थ आहे?

दुपारी मी भाजायचो आणि तू आत सराव करायचीस, आठवतं? मी भट्टीत बिया टाकल्या की तू ती लांबलचक चाल सुरू करायचीस, आणि बिया तडतडायला लागल्या की हात उचलायचीस, मला ती पहिली तडतड नीट ऐकू यावी म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं तुला. बाबा म्हणायचे, बी तडतडली की भाजत आली, रंग फसवतो, वास उशिरा कळतो, कानावर भरवसा ठेव. तडतड दर वेळी चालीत साधारण त्याच जागी यायची, त्यामुळे कार्यक्रमातही तू सवयीनं तिथंच थबकायचीस. लोक माना डोलवायचे, काय विराम घेतला म्हणून! आपली मात्र हसून पुरेवाट.

तर मध्यंतरी त्या पियानोच्या उजव्या टोकाच्या पट्ट्या मुक्या झाल्या. ओल धरली असेल म्हणून मी सूर लावणाऱ्या बाईंना बोलावलं. त्यांनी एकेक पट्टी वाजवत अगदी टोक गाठलं आणि सगळं ठणठणीत आहे म्हणाल्या. मला त्यांचं बोट पट्टीवर पडताना दिसत होतं, आवाज येत नव्हता.

डॉक्टर म्हणतात, बारीक, उंच आवाज माझ्या कानांतून गेलेत आणि ते परत यायचे नाहीत. यंत्र बसवलंय. समोरच्याचं बोलणं कळतं, पण भट्टीच्या घरघरीत तडतड बुडून जाते. फोनवर हे सांगायला जीभ रेटेना, म्हणून हे पत्र. सुट्टीत ये, टिटवे. तेवढ्या दिवसांत मी नाकाला आणि डोळ्यांना शिकवून घेतो. स्टेजवरची पोती हलवून ठेवतो. डाव्या बाजूचं, भारदस्त आवाजाचं काहीतरी वाजव, ते मला अजून ऐकू येतं. मी बिया टाकीन. तडतड सुरू झाली की पूर्वीसारखी हात उचल. तू थांबलीस की मला कळेल.

वाट पाहणारा, तुझाच
करपलेला दादा