टोरिलच्या लॅपटॉपमधली जागा

टोरिल,

फेरीबोटीवर लवकर बोलावलंय, म्हणून तुला उठवलं नाही. कॉफी थर्मासमध्ये आहे, तपकिरी चीज संपलंय.

तुझा लॅपटॉप आता चालेल. त्यातली कचरापेटी तू कधी रिकामी केलीच नव्हतीस, बाई, ती केली. मग कोणत्या फोल्डरने किती जागा खाल्लीय ते पाहिलं, तर सगळ्यात मोठं निघालं तुझ्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगचं. मला वाटलं, चर्चच्या गायकवृंदातली जुनी असतील. पण शेवटचं गेल्या मंगळवारचं आहे, मी बोटीवर होतो तेव्हाचं.

घशाच्या ऑपरेशननंतर तू सगळ्यांना सांगितलंस, "माझा आता कावळा झालाय, मला गायला सांगू नका." मीही मग विषय काढला नाही.

एकही उघडून ऐकलेलं नाही, शपथ. सगळी नव्या डिस्कवर हलवून ती डिस्क तुझ्या खणात ठेवलीय, म्हणजे पुढच्या गाण्यांना लॅपटॉपमध्ये जागा झाली.

परवा संध्याकाळी येतो. ऐकवावंसं वाटलं तर ऐकव. नाहीच वाटलं, तर यापुढे मी घरी यायच्या आधी फोन करत जाईन.

तुझा ईवार