बरणीतली लेपी

ती. गुरुबसप्पा दाजींस रेणापूरहून शिवलिंगचे शरणु शरणार्थी. उत्तराला दोन महिने लागले, माफी असावी. (तीन कार्डं लिहिली, तिन्ही मीच फाडली.) अक्काचे गुडघे कसे आहेत? इथं टँकर चार दिवसांनी येतो. लातूर जिल्हा झाला, पाट्या नव्या लागल्या, हापसे तसेच कोरडे.

आपल्या नातीला, सिंधुला, बघायला तुम्ही सुचवलेला पंचाक्षरी सोमवारी येऊन गेला. मुलगा रत्नागिरीला मासळी खात्यात. (लिंगायताचं पोर आणि मासळी, मला आठ दिवस झोप नाही.) हल्ली पाहुणा येतो तो आपलं पाणी घेऊनच येतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. हा फडक्यात गुंडाळलेली काचेची बरणी घेऊन आला. मला वाटलं, पोराला रीत कळते. बरणी तशीच आत दिली. मठाचे स्वामीही आले होते. त्यांचे पाय धुवायला सिंधुच्या आजीनं फडकं सोडून झाकण काढलं, तर आत चपटा मासा, दोन्ही डोळे एकाच अंगाला, तिच्याकडं बघून राहिलेला. औषधाच्या वासानं घर भरलं. स्वामींनी पाय पाटावर घेतले.

खाता का, म्हणून मी विचारलं. "आजोबा, दहा हजार मोजल्या, एक खाल्ली न्हाई," म्हणाला. मग हे आहे तरी काय, असं स्वामींनीच विचारलं आणि पाय वर ठेवूनच तासभर ऐकलं. ही लेपी. अंडी समुद्रात वर तरंगतात. पिल्लू चार माशांसारखंच सरळ पोहतं, दोन बाजूंना दोन डोळे. पुढं एक डोळा डोक्यावरून सरकत पलीकडं जातो, आणि ती तळाला कुशीवर पडते ती जन्मभर. वाळूत अंग पुरून नुसते डोळे बाहेर. वरचं अंग वाळूच्या रंगाचं, खालचं पांढरं. (तेव्हापासून माझाही डावा डोळा ओढल्यासारखा वाटतो. डॉक्टर न्हाई म्हणतो.)

सिंधु दाराआडून म्हणाली, "डोळा सरकताना तिला दुखत असंल का हो?"

तो दाराकडं वळला. मग म्हणाला, "हे मला कुणी विचारलंच नव्हतं."

पुढं दोघं माशाचंच बोलत होते, पण दाजी, मला धसका बसला. मी म्हटलं, नवा जिल्हा झालाय, बदली करून लातूरला या. तो म्हणाला, लेपी खाऱ्या पाण्यातली. मग मी बोलून गेलो की आमची पोरगी समुद्रात ढकलायची नाही. तो उठून गेला. तरी स्थळ मोडलं असं समजावं.

आपला
शिवलिंग

ता.क. सिंधु रागावलेली नाही. चहा वेळेवर देते, फक्त बोलत नाही.

ता.क. दुसरा. पंचाक्षरी उदगीरलाच, तुमच्या गल्लीत आईकडं आहे, शनिवारी रत्नागिरीला जाणार. काल मीच उदगीरच्या गाडीत बसलो होतो, चाकूरला उतरून परत आलो. तुम्ही त्याला गाठा, म्हातारा चुकला म्हणा. (अक्कासमोर म्हणू नका.) त्याच्या घरापासून समुद्र किती लांब आहे तेवढं विचारा, आणि तो काहीही म्हणाला तरी मला लांबच कळवा. पत्र कंडक्टरच्या हाती देतोय, निरोप त्याच्याच हाती द्या. शुक्रवारच्या आत द्या, दाजी.