त्याच्या नोकरीचं इंग्रजी

अहो, सप्रेम नमस्कार.

फोनवर बोलताना मुलगा शेजारीच बसलेला असतो, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. त्याच्या नोकरीचं काही खरं दिसत नाही.

महिनाभर तो रोज नवा शब्द घरी आणतोय. आधी मार्केट 'व्होलाटाइल' होतं, मग टीम 'अनस्टेबल' झाली. आता त्याची जागा 'ॲट रिस्क' आहे. मी म्हटलं, "अरे, मी इंग्रजी घेऊनच बी.ए. झालेय. राहिली की गेली, एवढंच सांग."

"आई, अजून अनसर्टन आहे गं." सूनबाई मान खाली घालून जेवत राहिली.

तुम्ही काळजी करू नका. तिची नोकरी पक्की आहे. फक्त फोनवर "प्रमोशनचं काय झालं?" विचारणं बंद करा. तुमचा फोन आला की तो आधी घसा साफ करतो, मगच उचलतो. बीपीची गोळी घेताय ना? मी थकलेय, पण इतक्यात परतणार नाही.

तुमची,
सौ.

ता.क. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात कंपनीचा माणूस आला. मुलगा खोलीबाहेर आला नाही. लॅपटॉप, चार्जर आणि ओळखपत्र मीच त्या माणसाच्या हवाली केलं.